तळटीपेतली फ्लोरा

पुस्तक हातात आलं की मी ते शेवटून उघडते. कादंबरी असली तरी बोटं सवयीनं मागच्या पानांकडे जातात आणि तिथं काही नसलं की उगीच चुकल्यासारखं वाटतं. चौतीस वर्षं बर्मिंगहॅममधल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसून मी इंग्रजी पुस्तकांच्या शेवटी असते ती सूची, म्हणजे इंडेक्स, तयार करायचं काम केलं. या अंकासाठी संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "वसुधाताई, तुमच्या कामावर लिहा ना काहीतरी. पण हल्ली इंडेक्स कॉम्प्युटरच करतो ना?"

या 'पण'शी माझं जुनं वैर आहे.

कॉम्प्युटर शब्द शोधतो, आणि मनापासून शोधतो बिचारा. पण एखाद्याची आई गेली त्या पानावर 'आई' हा शब्दच नसतो कधी कधी. 'त्या दिवसानंतर घरातला रेडिओ कुणी लावला नाही' एवढंच लिहिलेलं असतं. ते पान 'आई, मृत्यू' या नोंदीखाली नेऊन ठेवायला माणूसच लागतं. प्रकाशकाकडून पुस्तकाची शेवटची प्रुफं यायची, हातात तीन आठवडे असायचे आणि पुस्तकाच्या शेवटी पानं मोजून दिलेली असायची. तेवढ्यात सगळं बसवायचं. सुरुवातीला बुटांच्या खोक्यात कार्डं लावायची मी, नंतर मशीन आलं. पेन्सिल मात्र शेवटपर्यंत सुटली नाही.

या धंद्यात एक नियम अगदी पहिल्या दिवशी शिकवतात. पुस्तकात नाव आलं म्हणून ते सूचीत येत नाही. वाचक त्या पानावर गेला तर त्याला त्या माणसाबद्दल काही कळेल का, हे स्वतःला विचारायचं. कळणार नसेल तर तो 'ओझरता उल्लेख'. त्यावर पेन्सिलनं फुली मारायची आणि पुढं जायचं. या फुल्या मारण्यात माझा हातखंडा होता. किती माणसांवर मारल्या असतील, देव जाणे.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची भेटली. एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्यानं आठवणी लिहिल्या होत्या. त्यांचं मला खास पत्र आलं, की त्यांच्या नावाखाली 'शौर्य' अशी नोंद हवी आणि त्यापुढे भरपूर पानं हवीत. मी नोंद केली, 'शौर्य, स्वतःच्या शब्दांत'. ते इतके खूश झाले की मला जॅमच्या बाटल्या पाठवल्या. दुसरे एक प्राध्यापक. त्यांना आत्मचरित्राच्या सूचीतून घटस्फोटित बायको काढून हवी होती. मी कळवलं, "काढते, पण मग अर्ध्या पुस्तकात तुम्ही एकटेच कुणाशी तरी भांडताना दिसाल." बाई राहिल्या. त्यांच्या नावापुढची पानं मोजायचा मोह मात्र मला आवरला नाही, आणि त्या प्राध्यापकांना काही अंतरानं मागं टाकून गेल्या होत्या.

हे सगळं मी हसत सांगते, पण मनातून मला माझा फार अभिमान होता. त्याचीच ही गोष्ट आहे.

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे शेवटचं मोठं काम आलं. एका फ्रेंच मुत्सद्द्याचं चरित्र. नाव सांगत नाही, कामाबद्दल बाहेर बोलताना नाव घ्यायचं नाही ही आमची रीत. जाडजूड पुस्तक, आणि माणूस तर असा की तीन आठवड्यांत माझ्या घरात राहायलाच आला. नदीकाठच्या छोट्या गावात दारूची पिंपं बनवणाऱ्या सुताराचा मुलगा. वकील झाला, गावचा महापौर झाला. पुढं दोनदा पंतप्रधान आणि कितीदा तरी मंत्री झाला, पण गावचं महापौरपद सोडलं नाही. त्यांच्याकडे तसं चालतं. राजधानीत सरकार पडलं की हा आगगाडीत बसून गावी जायचा आणि दुसऱ्या दिवशी गटारांच्या बैठकीला हजर. महायुद्धात मासेमारीच्या होडीतून इंग्लंडला आला आणि लंडनमध्ये भाड्याच्या खोलीत उकडलेले बटाटे खाऊन दिवस काढले. बायको लवकर गेली, मूल नव्हतं.

चरित्राची सूची करताना सर्वांत अवघड असतो तो चरित्रनायकच. सगळं पुस्तकच त्याच्याबद्दल, मग त्याच्या नावाखाली लिहायचं काय? नुसते पानांचे आकडे लावून ठेवले तर कुणाला काही सापडत नाही. म्हणून त्याचं आयुष्य तुकड्या-तुकड्यांत मांडावं लागतं: बालपण, वक्तृत्व, राजीनामे, सवयी, आजारपण, मृत्यू. आणि हे तुकडे घडले त्या क्रमानं नाही, अक्षरांच्या क्रमानं लागतात. त्यामुळे माणूस आधी मरतो, मग शाळेत जातो, मग लग्न करतो. त्या दिवसांत माझीही वेळ तशीच मागंपुढं व्हायची.

नोव्हेंबर होता. दुपारी तीनच्या सुमाराला खोलीतला उजेड निघून जायला लागायचा. घराच्या मागं कॅनॉल आहे, त्यावरचं धुकं सावकाश कुंपणापर्यंत यायचं आणि तिथंच थांबायचं. दिवा लावायचा मला कंटाळा. त्या अर्धवट उजेडात मला हे मुत्सद्दी साहेब दिसायचे. रेडिएटरजवळच्या वेताच्या खुर्चीवर, मांडीवर हॅट ठेवून बसलेले. घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. एखादा पाहुणा दुपारचा झोपून उठावा आणि चहाची वाट बघत बसावा, तसे बसलेले असायचे. आपल्याला कुठल्या नोंदीखाली घातलंय ते ते वाकून बघतात, असं मला वाटायचं. त्यांच्या बापाच्या पिंपांच्या ओल्या लाकडाचा वास मला यायचा, आणि मग लक्षात यायचं की हा वास नागपूरचा आहे. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत संत्र्यांच्या पेट्या यायच्या त्यांचा. कुठली नदी कुठं वाहते आहे ते त्या वेळी नीट कळत नसे, आणि कळून घ्यावंसंही वाटत नसे.

आमचे हे बाहेरून विचारायचे, "काय गं, आज कुठं आहेत तुझे साहेब?"

"राजीनामा दिला."

"पुन्हा? परवा तर शपथ घेतली होती."

"अहो, त्या काळी त्यांच्याकडे तसंच होतं. सरकार खुर्चीत नीट टेकायच्या आत पडायचं."

"मग जेवायला थांबतायत का, विचार."

तीन आठवड्यांनी सूची पाठवली. लेखकानं लिहिलं, की माझा माणूस मला तुमच्या सूचीत नव्यानं भेटला. ती ईमेल छापून मी फ्रिजवर लावली. ती अजून तिथं आहे, पण तिच्याकडे मी आता वेगळ्या नजरेनं बघते.

या जानेवारीत वेम्बलीला तिळगुळाच्या कार्यक्रमात मला माझ्या कामाबद्दल बोलायला बोलावलं होतं. कम्युनिटी हॉलमध्ये साठएक माणसं होती. मी आत्ता वर सांगितलं तेच सगळं तिथं सांगितलं, लष्करी अधिकारी आणि प्राध्यापकांसकट. लोक हसले. मला चढलं थोडं. बोलणं संपलं तेव्हा मागच्या रांगेतून साठी ओलांडलेल्या एक बाई उठल्या. त्यांच्या शेजारी नव्वदीला टेकलेल्या आजी बसल्या होत्या, पांढऱ्या केसांना नीट क्लिप लावलेली, मांडीवर दुमडलेला कोट.

"एक्सक्यूज मी, आंटी," त्या बाई म्हणाल्या, "एक क्वेश्चन. जर कोणाचा नाव इंडेक्समध्ये नाही, तर तो बुकमध्ये पण नाही, राइट?"

मी म्हणाले, "दुसऱ्यांचं माहीत नाही. मी केलेल्या इंडेक्समध्ये नसेल, तर तो माणूस पुस्तकात नाही असं खुशाल समजा."

टाळ्या पडल्या. मी मान झुकवून घेतल्या.

त्या बाई आईकडे वळून हळूच म्हणाल्या, "ऐकला, मम्मी? ती पण सेम बोलते."

चहाच्या वेळी दोघी माझ्याकडे आल्या. लेकीचं नाव एस्थर. "हा माझा मम्मी, फ्लोरा थळकर," तिनं ओळख करून दिली. आजी म्हणाल्या, "आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू, अलिबागजवळच्या थळचे. पण माझा जन्म मुंबईचा. इथं नर्स म्हणून आले, तेव्हा वीस वर्षांची होते. मराठी ऐकायला मिळतं म्हणून येते मी अशा प्रोग्रॅमला. घरात आता कोण बोलणार?"

आई तिळगूळ घ्यायला वळल्यावर एस्थर मला बाजूला घेऊन सांगायला लागली. "मम्मी नेहमी सांगते, ती एका फ्रेंच प्राइम मिनिस्टरचा नर्स होती. लंडनमध्ये, सीक्रेटली. दुसरा नाव देऊन त्याला ठेवला होता. लहानपणी आम्हाला वाटायचा, नाइस स्टोरी. पण आता तिचा मेमरी जातोय, आंटी. दोनदा गॅस चालू ठेवला. मेमरी क्लिनिकमध्ये पण ती त्या फ्रेंचमनचाच सांगत बसते, आणि ते लोक लिहून घेतात, कन्फ्यूज्ड. मग मी त्याचा बुक आणला. टी बघितला, एफ बघितला, नर्स बघितला. काहीच नाही. म्हणून विचारला. आता मी तिला सांगते, मम्मी, प्लीज, ती स्टोरी सोड."

तिनं त्या माणसाचं नाव सांगितलं. साहेबांचंच नाव. ते पुस्तक माझं होतं.

आणि तरीही मला काही वाटलं नाही, हे कबूल करायला हवं. उलट मी म्हणाले, "हो, ते काम माझंच. त्यात फ्लोरा थळकर नाहीत." इतक्या ठामपणानं म्हणाले की जवळ येऊन उभ्या राहिलेल्या आजींनी ऐकलं.

मग त्यांनी डावा तळहात पुढं केला आणि उजव्या हाताच्या बोटांनी त्याच्या मधोमध हलकेच टेकवल्यासारखं केलं, जणू तिथं काही ठेवत होत्या. म्हणाल्या, "मग स्वप्नच असेल ते. असू दे. मलाच आता काही सांगता येत नाही बघ." एस्थरनं त्यांना कोट चढवला आणि त्या गेल्या.

मी परतीच्या गाडीत बसले. वेम्बलीहून बर्मिंगहॅमला सरळ गाडी आहे. पाच वाजले नव्हते, पण खिडकीबाहेर अंधारून आलं होतं. डबा उबदार होता. काचेत माझाच चेहरा, त्याच्यामागून ओली शेतं जात होती. माझा डोळा लागला असावा. समोरच्या सीटवर साहेब बसले होते, मांडीवर हॅट. फार वर्षांनी भेटावेत तसे ते माझ्याकडे बघून ओशाळं हसले आणि त्यांनी डावा तळहात पुढं केला. तळहातावर काहीतरी पांढरं होतं, ओलं. गाडीच्या हेलकाव्यानं ते सांडेल म्हणून त्यांनी बोटं वर वळवली. मग त्यांनी हात तोंडाशी नेला आणि चाटून घेतला, अगदी परीक्षेला निघालेल्या मुलासारखा.

वाटेतल्या बॅनबरी स्टेशनला मी खडबडून जागी झाले, आणि तळहातावरचं ते पांढरं आपण कुठं वाचलंय ते बर्मिंगहॅमपर्यंत आठवत बसले.

घरी आल्यावर कोटही न काढता जिन्याखालचं खोकं ओढलं. जुनी प्रुफं मी टाकत नाही. आधी सूची बघितली. साहेबांच्या नावाखाली, 'सवयी' या पोटनोंदीत माझ्याच अक्षरात होतं: 'दही, साखर घातलेलं', आणि पुढं तीन पानं. त्यातलं पहिलं पान काढलं. मजकुरात एवढंच, की महत्त्वाच्या मतदानाआधी ते चमचाभर गोड दही तळहातावर घेऊन खात आणि सहकारी त्याची थट्टा करत. त्याला तळटीप होती. लंडनला वाटाघाटींसाठी गेले असताना पित्ताशयाचं ऑपरेशन करावं लागलं. बातमी फुटली तर सरकार डळमळेल म्हणून ते खोट्या नावानं दाखल झाले. निघताना एका तरुण भारतीय परिचारिकेनं त्यांच्या हातावर साखर घातलेलं दही ठेवलं होतं. तिचं नाव त्यांनी वहीत टिपून ठेवलं: फ्लोरा. आडनाव नाही.

'फ्लोरा' या शब्दावर माझ्या पेन्सिलची फुली होती. ओझरता उल्लेख.

दह्याला मी तीन पानं दिली होती, आणि ज्या मुलीनं ते दिलं तिला एकही नाही. त्याच पानावर वर एक कुणी सरदार होता. तो एका मेजवानीत हजर होता, बाकी पुस्तकात त्यानं काही केलं नाही. पण नावाआधी पदवी होती, तर त्याला मी मुकाट्यानं नोंद दिली होती.

आणि सगळ्यात लाज वाटली ती वेगळीच. नागपूरहून मी इकडे यायला निघाले तेव्हा माझ्या आईनं दारात उभं राहून माझ्या हातावर दही-साखर घातलं होतं. त्याआधी दर परीक्षेला, प्रवासाला, मुलाखतीला. मी मराठी घरात वाढलेली बाई, आणि तीन वेळा 'योगर्ट विथ शुगर' वाचून माझ्या मनात काय आलं, तर फ्रेंच लोक काहीही खातात. दुसऱ्या कुठल्या सूचिकाराकडून हे सुटलं असतं तर समजू शकलं असतं. माझ्याकडून सुटायला नको होतं.

आमचे हे माझ्या मागं येऊन उभे होते. त्यांनी पान वाचलं. "छापून झालंय ना गं पुस्तक?"

"झालंय. आणि मी साठ माणसांसमोर त्या बाईला खोटं ठरवून आलेय."

पुढच्या शनिवारी पुस्तक आणि ते प्रूफ घेऊन मी वेम्बलीला गेले. ईलिंग रोडच्या मागच्या बाजूला, किराणा दुकानाच्या वर त्यांचा फ्लॅट. दाराच्या चौकटीला ज्यूंच्या घरी असते ती लहानशी डबी तिरकी लावलेली. एस्थर मला बघून जरा त्रासलीच. तिनं मुश्किलीनं आईचा विषय बंद केला होता.

मी पान उघडून तिच्यासमोर ठेवलं आणि तळटीपेवर बोट ठेवलं. तिनं उभ्यानं वाचलं. मग खाली बसून पुन्हा वाचलं. "ओह, मम्मी," ती म्हणाली. "ओह, मम्मी, हा तर तूच आहे."

फ्लोराताईंना चष्मा सापडेना, म्हणून मीच वाचून दाखवलं, मराठीत सांगत सांगत. त्या हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "ते दही मी लावलेलं होतं."

"इथं? त्या काळी दही कुठून आणलंत?" मी विचारलं.

"सायप्रसचा एक दुकानदार होता, त्याच्याकडून विरजण घेतलेलं. नर्सेस होममध्ये माझ्या खोलीत हीटरजवळ वाटी झाकून ठेवायची मी. बाकीच्या मुली नाक दाबायच्या. तो माणूस काही खातच नव्हता गं. सूप बघितलं की भिंतीकडे तोंड. मार्टिन म्हणून नाव लिहिलेलं, दारूचा व्यापारी. पण हात बघितले मी त्याचे, व्यापाऱ्याचे नव्हते. झोपेत भाषणं करायचा. पुढं कधीतरी पेपरात फोटो बघितला, तेव्हा खरं नाव कळलं. शेवटच्या दिवशी टाके ओले होते, तरी निघाला. डॉक्टर ओरडले, पण ऐकेना. मागच्या दाराशी गाडी उभी. मी म्हटलं, वन मिनिट, सर. पळत गेले, वाटीतलं दही घेतलं, वॉर्डातल्या चहाची साखर घातली. त्यानं हात पुढं केला, मग काय करायचं ते त्याला कळेना. मी करून दाखवलं."

त्यांनी पुन्हा तसाच तळहात पुढं केला. या वेळी एस्थर बघत होती.

"मग?" फ्लोराताईंनी एकदम माझ्याकडे बघून विचारलं. "झालं का त्याचं काम? मी तर नेहमी म्हणायची, झालंच असणार."

मला पुढचं पान पाठ होतं. साहेब त्या गाडीतून विमानतळावर गेले, दुसऱ्या दिवशी सभागृहात उभे राहिले, आणि थोडक्या मतांनी हरले. संध्याकाळी राजीनामा. साठाहून जास्त वर्षं या बाई आपल्या दह्यानं एक सरकार वाचवलं असं समजून होत्या. 'झालं' म्हणायला माझं काय जात होतं? एस्थरही डोळ्यांनी मला तेच सांगत होती. पण याच मायलेकींना मी एकदा चुकीचं सांगून बसले होते.

"नाही हो, फ्लोराताई," मी म्हणाले. "हरले ते. राजीनामा द्यावा लागला."

"आणि मग पुढं खायचा तो दही, तेव्हा?"

"पुस्तकात आणखी दोनदा आहे."

"तेव्हा जिंकला?"

"एकदाही नाही."

त्या माझ्याकडे क्षणभर बघत राहिल्या आणि मग हसायलाच लागल्या. खांदे हलेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. एस्थरनं टिश्यू दिला. "मग खायचा कशाला, येडा?" त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं, डोळे पुसत, त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "त्याला सोडायला कुणीच आलं नव्हतं गं. म्हणून दिलं मी. एवढा मोठा माणूस, आणि मागच्या दारानं एकटा चालला होता."

मग गव्हाच्या चिकाचा हलवा आला, नारळाच्या दुधातला, आणि मी दोन वड्या खाल्ल्या. निघताना एस्थर खाली दारापर्यंत आली. "आंटी, मी तिला ऑलमोस्ट खोटा बोलणारा केला," ती म्हणाली. मी म्हणाले, ते तू नाही केलंस, मी केलं. तिनं त्या पानाची कॉपी काढून क्लिनिकला पाठवली, त्यांच्या कागदांत लावायला सांगून.

पुस्तकाची स्वस्त आवृत्ती निघणार होती. मी संपादकाला लिहिलं, की माझ्या सूचीत एक चूक आहे. चौतीस वर्षांत असं पत्र मी पहिल्यांदा लिहीत होते. उत्तर आलं: दुरुस्ती चालेल, पण एकही ओळ वाढता कामा नये, पानं ठरलेली आहेत. एक ओळ घालायची तर एक काढायला हवी होती. मला शोधावं लागलं नाही. मेजवानीतला तो सरदार काढला, आणि त्याच्या बदल्यात 'एफ'खाली लिहिलं: 'फ्लोरा, परिचारिका', पुढं पान, आणि पानाच्या आकड्यानंतर तळटीपेची खूण. ते काम दुपारी तीनला संपलं. खोलीत उजेड अर्धाच उरला होता. मी वेताच्या खुर्चीकडे बघितलं, तिथं ह्यांचा स्वेटर पडला होता.

नवी आवृत्ती ऑगस्टमध्ये आली. मी एक प्रत पोस्टानं वेम्बलीला पाठवली. एस्थरनं फोटो पाठवला, त्यात फ्लोराताईंचं बोट त्या ओळीवर आहे, आणि नखाला फिक्कट गुलाबी रंग लावलेला. पण पुस्तक छापून आठवण थांबत नाही. सप्टेंबरात क्लिनिकमध्ये पुन्हा तपासणी होती. आजचा वार सांगा, घड्याळ काढून दाखवा, मगाशी सांगितलेले तीन शब्द आता सांगा.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी त्यांना फोन केला. तुमचं खरं नाव घालू का, असं विचारायला. मी कोण हे सांगावं लागलं, दोनदा. मग ओळख पटली.

"घाल की," त्या म्हणाल्या. "थळकर पण घाल. त्या पुस्तकात नुसतंच फ्लोरा आहे."

"क्लिनिकचं काय झालं, फ्लोराताई?"

"नापास झाले." आवाजात काही दुःख नव्हतं. "घड्याळ काढलं, त्यात काटेच घातले नाहीत म्हणे. शब्द एक पण आठवला नाही. पण ऐक ना, तिकडे जायला घरातून निघताना ह्या एस्थरनं काय केलं माहीत आहे? दारात मला थांबवली. म्हणाली, मम्मी, वन मिनिट. आत गेली आणि चमचा घेऊन आली, दही ठेवलं माझ्या हातावर. कुणी सांगितलं नव्हतं तिला."

"मग?"

"मग काय, खाल्लं मी. आंबट ढाण!" त्या हसायला लागल्या. "मेमरी माझी जाते म्हणून मला डॉक्टरकडे नेतात, आणि साखर विसरली ती."